जस्ताचा ताप

लिवून घेता म्हनता तर घ्या, पर मी जरा हळू बोलते, आमची पारू आत तूप धुतीय. तिचं झालं की ती भाईर येईल, तवर माजं सांगून व्हायला पायजे. पारू म्हंजी माज्या पाठच्या भावाची बायको, बारा वर्सं झाली माज्याजवळच हाय. मी आता सांगनार ते सगळं तिला ठावं हाय, एक गोष्ट सोडली तर. त्या एका गोष्टीपायीच तुमाला बसवून घेतलंय बगा, न्हायतर माज्यासारकीचं काय लिवायचं.

माजं म्हायेर दुधनीचं. जात आमची ओतारी, पर माज्या बापानं मूस सोडून नांगर धरला, चार एकर काळं रान हुतं, घरात कानडी आन बाजारात मराठी, आमाला दोनी येतं. मी थोरली, माज्या पाठचा मलकाप्पा. कानडीत धाकट्या भावाला तम्मा म्हनत्यात, मी तेला तम्मा म्हनायची आन तो मला अक्का. आई लवकर गेली, मंग तेला मीच कडंवर घेऊन वाडिवला, मी तरी केवडी हुते, कडंवर घेतला की तेचे पाय माज्या गुडग्याला लागायचे. माजं लगीन झालं तवा मी तेरा वर्साची आन तो आट. गाडी निगाली तर मागं पळत आला, चाकच धरलं की, म्हनतोय माज्या अक्काला न्हेऊ नका. चाकाच्या वंगनानं तेचे दोनी हात काळे झाले हुते, तेच हात तोंडाला पुसले, ते काळं तोंड बगतच मी सोलापुरात आले.

सासर माजं ओतकामाचं. घराला लागूनच भट्टी, तितं मालक, धाकटे दीर गनपत आन हुसेन नावाचा कामगार, हुसेन तर मालकांच्या बरुबरीचा, एका ताटात जेवल्यासारका मानूस. मिलच्या यंत्रांचे पितळी बूश, नळाच्या तोट्या, बैलांच्या घागरमाळा, असलं सगळं आमच्यात व्हायचं. आता पितळ कसं करत्यात ते सांगते, ते समजल्याबिगर पुडचं तुमाला समजायचं न्हाय. मुशीत तांबं वितळलं की तेच्यात जस्त टाकायचं. जस्त पडलं रं पडलं की मूस भडकती, हिरवा-निळा जाळ उटतो, पांढराफेक धूर निगतो, आन त्या धुरातनं कापसावानी काय तरी उडतं, ते आड्याला जाऊन बसतं, कौलांना बसतं, कामगारांच्या मिश्यांना बसतं. तेला आमी जस्ताचं फूल म्हनतो.

हे फूल लई गुनाचं. माजी सासू, आत्याबाई, ते खरवडून ठेवायच्या, तांब्याच्या परातीत तूप शंभरदा पान्यानं धुवायच्या, लोन्यापरीस पांढरं हुईस्तवर, आन त्या तुपात हे फूल घोटून मलम करायच्या. उन्हानं तोंड सोललेल्या बाया, गाडीवान, रस्त्यावर खडी फोडनाऱ्या, सगळी यायची. लावून उन्हात जावा, कातडं भाजत न्हाय, लावून झोपा, भाजलेलं निवतं. मिशनमदली एक गोरी मडम बी डबी न्ह्यायची, नाकाला लावून हिंडायची, पोरं हसायची तिला. सोलापूरचं ऊन तुमाला काय सांगू, हितं ऊन कदी कमी असतंय व्हय?

पर आत्याबाईंचा कायदा लई कडक. खरवडताना नाकातोंडाला वल्लं फडकं बांदायचं. फुलावर फुंकर घालायची न्हाय, कोरडं झाडायचं न्हाय, हात धुतल्याबिगर भाकरीला लावायचा न्हाय. ज्या दिशी मुशीत जुने नळ-बिळ पडले त्या दिशीचं फूल पिवळट येतं, तेच्यात शिसं असतं, ते उकिरड्यात बी न्हाय टाकायचं, लांब खड्ड्यात पुरायचं. मी एकदा आळसानं फडकं बांदलं न्हाय तर माज्या पाटीत धपाटा घातला. म्हनल्या, कातड्यावर असलं तर माय हाय, छातीत गेलं तर सवत हाय.

छातीत गेलं की ताप येतो. आमी तेला जस्ताचा ताप म्हनतो. सकाळी धूर खाल्ला की तोंड गोडुस पडतं, घसा सुकतो, दुपार कलली की हुडहुडी भरती, दातावर दात, चार वाकळा घातल्या तरी थंडी जात न्हाय, हाडं फोडून काडल्यावानी दुकत्यात, आन दुसऱ्या दिशी सकाळी घामाच्या धारा लागून मानूस उटून बसतो, दूध-गूळ मागतो, काय झालंच न्हाय असा. रोज धुरात असला तर मानसाला सवय व्हती, ताप येत न्हाय. पर चार-आट दीस भट्टी बंद ठेवली की सवय मोडती, आन पयल्या दिशी हमखास गाटतो. म्हनून आमच्यात सनाच्या दुसऱ्या दिशी थोडंच जस्त टाकायचं, कौलं काडून, दार सताड उगडं ठेवून.

आता घंटेचं सांगते. बारा वर्सं झाली. मंद्रूपकडच्या एका देवळाची घंटा आमाला आली, हत्तीच्या डोक्याएवडी. घंटेची रीत न्यारी हाय. घंटा बंद दाराआड ओतायची. भाईरच्याची नजर पडली, कोन मदीच शिंकलं, दार करकरलं, तर घंटा मुकी निपजती, असं ओताऱ्यांत म्हनत्यात. म्हनून दार लावायचं, झरोक्यावर पोती टाकायची, कौलं बी सारखी करायची, आन एक मानूस भाईर दाराला पाठ लावून बसवायचा, कोनाला येऊ द्यायचं न्हाय म्हनून. आन आमच्या मालकांनी मुहूर्त काडला तो सोलापूरची मोठी जत्रा, गड्ड्याची, ती संपल्यावरचा. नऊ दीस भट्टी थंड. आत्याबाई असत्या तर घंटा राहू दे म्हनल्या असत्या, पर त्या आदल्या वर्सीच गेल्या हुत्या, आन मी बोलले तर मालक म्हनले, देवाचं काम हाय, देव बगंल.

मलकाप्पा त्या जत्रंला आला हुता. सव्वीस वर्साचा बाप्या गडी, मिशा पिळदार, तेला तीन वर्साची पोरगी. गड्ड्याच्या जनावरांच्या बाजारात बैल इकला आन चार दीस बहिनीकडं म्हनून राह्यला. मला म्हनला, अक्का, आमच्या आळीत उंदीर पडाय लागल्यात, पारूला आन पोरीला रानातल्या खोपीत ठेवलंय, मी बी आता गेलो की तितंच जातो. त्या वक्ताला उंदीर पडले म्हंजी काय ते शेंबडं पोर बी सांगत हुतं. पिलेग. आमच्या गल्लीतला एक मानूस नुसता खोकत हुता तर तेला गावाभाईरच्या पिलेगच्या शेडमदी न्हेला हुता, तेचं मडंच आलं, आन मागं घराची कौलं उतरवली, सामान उन्हात टाकलं, बायको-पोरं माळावर. म्हनून उंदीर ह्यो शबुद मी ऐकला आन लगेच इसरले. म्हंजी इसरले असं मनाला सांगितलं.

घंटा ओतली त्या दिशी पहाटंचं आत मालक, गनपत आन हुसेन. दाराला पाठ लावून भाईर कोन बसवायचा? मलकाप्पा. तो ओताऱ्याचा असून बी भट्टीच्या कामाचा न्हवता, घंटेला तो भाईरचाच. हातात काठी घेऊन बसला, मी चुलीपाशनं तेला बगत हुते. आत जस्त पडलं, दाराच्या फटीतनं पांढरा धूर निगाय लागला, आत तिगं खोकत्यात, पर दार उगडंनात. घंटा ओतून दार उगडलं तवा तिगांच्या भुवया पांढऱ्या, मला हसूच आलं. घंटा सुरेख निगाली बगा, साचा फोडायच्या आदीच मालक म्हनले, ही बोलनार.

जेवनाच्या वक्ताला मलकाप्पानं भाकरी ढकलली. बाजारात आट दीस उन्हात उबा राहून तेचं तोंड सोललं हुतं, म्हनून मी मलमाची डबी आनली, तेला म्हनलं बस, आन लानपनी तोंड पुसायची तसं तेच्या गालाला, नाकाला लावलं. गाल तव्यावानी तापले हुते. मी म्हनलं तम्मा, अंग गरम लागतंय. तो म्हनला, ऊन लागलंय अक्का. मी म्हनलं व्हय, ऊनच असंल. माज्या बोटांना कळत हुतं की ऊन गालाला लागतं, गळ्याखाली छातीला लागत न्हाय. तरी मी डबी बंद केली आन हात धुतले.

दुपार कलली तसा गनपत आला, वैनी, वाकळ द्या. मंग हुसेन, तो आपल्या घरी बी जाऊ शकला न्हाय, म्हनतोय भाबी, हात-पाँव में जान नै. मंग मालक. आन कोपऱ्यात मलकाप्पा तर आदीच घोंगडं घेऊन पडला हुता. चौगांचे दात वाजायला लागले. मी पानी तापवतीय, गूळ घालतीय, एकाला पाजलं की दुसऱ्याकडं. मलकाप्पाजवळ बसून इचारलं, कुटं दुकतंय, गाठ-बिठ आलीय का रं कुटं? तेनं भितीकडं तोंड केलं आन म्हनला, येनू आगंगिल्ल अक्का. काय हुईत न्हाय म्हनला. मला वाटलं न्हाय तर न्हाय. आता इचार करते तर समजतं, जांगंतली गाठ बाप्या गडी थोरल्या बहिनीला कसा सांगंल हो? लाजला असंल बिचारा. मी तेला न्हाऊ घातलेला, तरी लाजला.

दिवेलागनीला दाराशी कंदील. गल्लीतनंच कोन तरी कळवलं हुतं, ओताऱ्याच्या घरात चार मानसं एकदम पडल्यात. पिलेगचा इन्स्पेक्टर आला हुता, वयस्कर मानूस, डोक्याला रुमाल, हातात छत्री. मी उंबऱ्यात आडवी उबी राह्यले. सायब, म्हनलं, हा पिलेग न्हाय, जस्ताचा ताप हाय, आज घंटा ओतलीय बंद दारानं, सकाळी उतरंल, उतरला न्हाय तर माजं नाक कापा. मला वाटलं हा मला ढकलून आत जाईल. पर तो मानूस चांगला निगाला. म्हनला, बाई, मला माहीत आहे हा ताप, ओतकाम करणाऱ्यांना होतो, मी पाहिलेला आहे. सकाळी उतरतो खरा. मग कंदील जरा वर धरला, माज्या तोंडाकडं बगितलं, आन एकच इचारलं. चौघेही आत होते का?

हेच. हेच सांगायसाठी बसवलंय तुमाला.

मी म्हनलं, व्हय सायब, चौगं बी आतच हुते.

असं बगा, मी एकदम बोलले, अडखळले बी न्हाय. मनात काय काय आलं त्या एका दमात. आलं की एक न्हेला तर चौगांना न्हेतील. आलं की जस्ताच्या तापाचा मानूस शेडमदी पिलेगवाल्यांच्यात टाकला तर तितं खरंच मरंल. आलं की पारू म्हनंल, बहिनीकडं गेला आन बहिनीनं शेडमदी धाडला. आन असं बी आलं की धूर फटीतनं भाईर येत हुता की, तेच्या बी नाकात गेलाच असंल. मनाला जे पायजे ते मन बरुबर हुडकून काडतं. तो म्हनला, ठीक आहे, सकाळी भोंग्याच्या वेळेला येतो, तोवर कोणी बाहेर जायचं नाही. छत्री टेकत गेला. मी दार लावलं आन देवाम्होरं नाक घासलं.

सकाळी मिलचा पयला भोंगा झाला आन गनपतला घाम फुटला. मंग हुसेनला. मंग मालक उटून बसले, म्हनले, दूध हाय का, आन हसाय लागले, गनपतला चिडवत्यात, रातभर आईचं नाव घेत हुतास की रं. तिगं बी पाटीला भित लावून दूध पित्यात. मला वाटलं जितलं. मलकाप्पा तसाच पडलेला. मी मनात म्हनतीय, तेला जरा उशीर लागंल, सवय न्हाय की तेला. तवर मालकांनी तेच्याकडं बगितलं आन सादं इचारल्यावानी इचारलं, मलकाप्पाला काय झालं, तो तर भाईर हुता की दारात.

मालकांनी पेला खाली ठेवला, उटले, घोंगडं सारलं. मला म्हनले, तू तिकडं तोंड कर. मी तोंड केलं. मंग मालकांचा आवाज आला, अरं देवा. लिंबाएवडी गाठ हुती म्हनं.

मी अनवानी पळाले. इन्स्पेक्टर गल्लीच्या तोंडाला भेटलाच, तो बोलल्यापरमानं निगालाच हुता. मी तेचे पाय धरले, सांगितलं, सायब, एक भाईर हुता, मी खोटं बोलले. तो काय ओरडला न्हाय. ओरडला असता तर बरं झालं असतं. आत येऊन बगितलं, गाडी आनायला मानूस धाडला, आन जाताना मला म्हनला, बाई, काल कळलं असतं तरी तो वाचला असता असं मी म्हणत नाही. पण मी विचारलं होतं. एवडंच बोलला. ते बारा वर्सं कानात हाय.

मलकाप्पाला गाडीत घातला तवा तेच्या तोंडाला माजं मलम तसंच हुतं, पांढरं. मी गाडीचं चाक धरलं, कोन तरी माजे हात सोडिवले. तिसऱ्या दिशी शेडमदीच तेनं जीव सोडला. आमची कौलं उतरवली, आमाला टोचलं, दोन म्हैने माळावर काडले, पर दुसरं कोन पडलं न्हाय.

ती घंटा मंद्रूपकडं वाजती, आवाज लई गोड हाय म्हनत्यात. मी एकदा बी गेले न्हाय ऐकायला. मालकांनी त्या दिसापासनं भट्टीचं दार लावलं न्हाय, पुडं तीन घंटा ओतल्या, तिन्ही सताड उगड्या दारानं, कौलं काडून, नाकाला वल्लं फडकं बांदून. त्या बी तशाच वाजल्या. मुकी कंची झाली न्हाय.

पारू आली तवा पोरगी कडंवर. मी तिला म्हनलं, आमाला वाटलं जस्ताचाच ताप हाय. आमाला वाटलं, असं म्हनलं. तिनं इस्वास ठेवला. दुधनीत चुलत दिरांनी तिला धड राहू दिलं न्हाय, मंग मीच हितं आनली, पोरीचं लगीन लावून दिलं, मलम आता आमी दोगी करतो. ती तूप धुती, मी फूल खरवडते. लावायच्या आदी मी गिऱ्हाइकाचं कपाळ उलट्या हातानं बगते, तापलेलं असलं तर डबी देत न्हाय, दवाखाना दाकवते. बाया म्हनत्यात, म्हातारी याडी हाय. चाळिशी वलांडली न्हाय वलांडली तर म्हातारी! आन भट्टीवरनं कोनाला ताप आला असं ऐकलं की माज्या तोंडातनं पयलं तेच निगतं, आत हुता का भाईर?

मालकांनी त्या सांजचं माजं बोलनं घोंगड्यातनं ऐकलं हुतं का न्हाय मला म्हाईत न्हाय. तेंनी कदी काडलं न्हाय, मी इचारलं न्हाय. तसंच मरून गेले असते मी. पर मागल्या आटवड्यात एक बाई आली, तिच्या घरात ताप, तर पारू तिला समजावत हुती, म्हनती, माज्या मालकांचं तसंच झालं, कोनाच्या बी ध्यानात आलं न्हाय, आमच्या वन्सं बिचाऱ्या तरी काय करनार, तेंना कोन इचारलं हुतं. असं म्हनली. तेंना कोन इचारलं हुतं. माज्या हातातली डबीच पडली.

आता तिच्याम्होरं माजं तोंड उगडत न्हाय, लई डाव बसले सांगायला, तोंडाला कुलूप लागतं. तुमी शिकलेली मानसं, तुमी लिवलंय ते वाचून दाकवा तिला. सावकाश वाचा, मराठी तिला आता चांगलं समजतं. बाकीचं काय बी गाळलं तरी चालंल, माजं लगीन, मडमची डबी, सगळं गाळा, पर कंदील वर धरून तेनं काय इचारलं आन मी काय बोलले ते गाळू नका. तिला मला सोडून जायचं तर जाऊ दे, पोरीकडं जाईल, तिचा हक्क हाय. तुमचं देव भलं करो बाबा, दुसऱ्याचं वझं उचलताय.

पान्याचा आवाज थांबला बगा, झालं तिचं. पारू, ये गं भाईर. हात पूस, हितं माज्याजवळ बस. हे काय वाचत्यात ते ऐक.